कोर्टाचा सिनेमा बघायचाय? मग बोलणाऱ्याला सोडा, ऐकणाऱ्याकडं बघा

कोर्टाच्या सिनेमात तसं बघायला गेलं तर काहीच होत नाही. गाड्या उडत नाहीत, हिरो दहा जणांना लोळवत नाही, दोन-अडीच तास काळे कोट घातलेली माणसं एका खोलीत उभी राहून बोलत असतात आणि तरी आपण तोंडात टाकलेला शेंगदाणा चावायचं विसरून बसतो. हे कशामुळं होतं असं कुणाला विचारलं की उत्तर ठरलेलं असतंय, डायलॉग. मला हे अर्धंच पटतं. ‘दामिनी’तलं ‘तारीख पे तारीख’ आपल्याकडं शेंबड्या पोरालाही पाठ आहे, १९९३ चा सिनेमा आहे तो, आणि शिट्ट्या वाजवायला तो सीन एक नंबरच आहे. पण शिट्टी एकदा वाजते. जो सिनेमा आपण दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा बघतो, शेवट माहीत असूनही बघतो, त्यात आपल्याला धरून ठेवतो तो गप्प बसलेला माणूस. वकील प्रश्न विचारतो तेव्हा पिंजऱ्यातला साक्षीदार काय करतो, विरोधी वकील पेन कसा धरतो, जज मान वर करतो का नाही, सगळा थरार तिथं असतोय. तर असा सिनेमा नीट कसा बघायचा ते सांगतो. लई अवघड काही नाही, फक्त नजर कुठं ठेवायची ते कळलं पाहिजे.

आपल्या मराठवाड्यातल्या माणसाला यात एक फायदा आहे, कोर्ट आपल्याला नवीन नाही. बांधाचा वाद, वाटणीचा दावा, विहिरीच्या पाण्याची पाळी, काही ना काही प्रत्येक गावात चालूच असतंय आणि घरटी एखादा काका तरी असा असतो की ज्याचं अर्धं आयुष्य तालुक्याला ‘आज तारीख हाय’ म्हणत एसटीत गेलं. संभाजीनगरला हायकोर्टाचं खंडपीठ १९८१ ला सुरू झालं, त्याआधी हायकोर्टाच्या कामासाठी थेट मुंबई गाठायची म्हणजे माणूस केस हरायच्या आधीच भाड्यानं मरायचा. साक्षीदार फुटला, पंच फितूर झाला, वकिलानं पुढची तारीख घेतली ही भाषा आपल्या पारावर रोजची आहे. हे सगळं ज्ञान सिनेमा बघताना वापरा की, ते काय फक्त भांडणासाठी ठेवायचंय का.

पहिलं काम सिनेमाचं नाहीच. एखाद्या दिवशी वेळ काढून जिल्हा न्यायालयात जाऊन मागच्या बाकावर बसा. बऱ्याच जणांना वाटतं की आपली केस नसली तर आत जाता येत नाही, तसं काही नाही, फौजदारी खटला खुल्या न्यायालयात चालतो आणि जागा असेल तर कुणालाही बसता येतं. काही केसेस बंद दाराआड चालतात, बलात्काराच्या, लहान मुलांवरच्या अत्याचाराच्या, तिथं अर्थातच जायचं नाही. साडेअकराच्या सुमारास जा, बाहेर त्या दिवसाचा बोर्ड लावलेला असतो, सेशन कोर्टात पुरावा चालू असलेली केस कुठली आहे ते एखाद्या ज्युनिअर वकिलाला किंवा पैरवीच्या, म्हणजे कोर्टातली पोलिसांची कामं बघणाऱ्या हवालदाराला विचारा, सांगतात. मोबाईल बंद, रेकॉर्डिंगचा विचारसुद्धा डोक्यात आणायचा नाही, पायावर पाय टाकून बसायचं नाही, आणि आत शिरताना, निघताना जजसाहेबांकडं बघून मान झुकवायची. एवढं पाळलं की कुणी हटकत नाही.

मी अशीच एक उलटतपासणी बसून ऐकलीय. पिंजऱ्यात म्हातारा शेतकरी, डोक्याची टोपी काढून हातात धरलेली. वकिलानं विचारलं भांडण किती अंतरावरून पाहिलं. म्हातारा म्हणला, ‘हितून त्या दारापस्तोर असंल.’ आता दार म्हणजे कुठलं, आतलं का बाहेरचं, यावर दोन्ही वकिलांची जुंपली, शेवटी जजसाहेबांनीच एकदा दाराकडं पाहिलं आणि टायपिस्टला सांगितलं, अंदाजे पस्तीस ते चाळीस फूट. झालं, कागदावर ते आलं. म्हाताऱ्याच्या तोंडचं वाक्य राहिलं बाजूला आणि केसमध्ये आता पस्तीस ते चाळीस फूट एवढंच उरलं. आणि त्या वेळात म्हातारा काय करत होता? टोपीची शिवण अंगठ्यानं चाचपत होता, जराही न थांबता, आणि सगळं बोलणं चालू असताना त्याची नजर वकिलाकडं नव्हतीच, खालच्या बाकावर बसलेल्या त्याच्या पोराकडं होती. हा अंगठा आणि ही नजर ज्या नटाला जमली तो कोर्टाच्या सिनेमातला खरा नट. एकदा हे डोळ्यांनी बघितलं ना की पडद्यावरची खोटी साक्ष लगेच ओळखू येते.

थोडं कायद्याचं सामान पण सोबत ठेवा, जास्त नाही. साक्षीदाराला आणणारी बाजू आधी विचारते ती सरतपासणी, मग विरोधी वकील विचारतो ती उलटतपासणी, मग गरज पडली तर पहिली बाजू परत विचारते ती फेरतपासणी. सरतपासणीत उत्तर सुचवणारा प्रश्न सहसा चालत नाही, म्हणजे ‘तुम्ही आरोपीच्या हातात कुऱ्हाड पाहिली ना?’ असं विचारलं की समोरचा उठून हरकत घेणार. उलटतपासणीत मात्र हेच चालतं, उलट तिथं वकील प्रश्न विचारतच नाही, तो विधान करतो आणि साक्षीदाराला हो नाहीतर नाही म्हणायला लावतो. म्हणून सिनेमात उलटतपासणीच रंगते, कारण तिथं एक माणूस दुसऱ्याला हळूहळू कोपऱ्यात ढकलतोय हे उघड दिसतं. वकिलांमध्ये जुना नियम आहे की ज्या प्रश्नाचं उत्तर आपल्याला माहीत नाही तो उलटतपासणीत विचारायचा नाही. आता हा नियम डोक्यात ठेवून कुठलाही चांगला कोर्टाचा सिनेमा बघा, नेमकं कळतं की वकिलानं कुठल्या क्षणी हा नियम मोडला, आणि तो क्षण नटाच्या घशात दिसतो, प्रश्न तोंडातून गेलेला असतो आणि तो आवंढा गिळतो.

आणि एक गोष्ट जी आपल्याकडच्या कोर्टात गेल्याशिवाय कळत नाही. आपल्या साक्षीच्या कागदावर शेवटी ओळीनं वाक्यं असतात, ‘हे म्हणणे खरे नाही की, मी घटनास्थळी हजर नव्हतो. हे म्हणणे खरे नाही की, मी फिर्यादीच्या सांगण्यावरून खोटी साक्ष देत आहे.’ वाचायला किती कोरडं वाटतं. पण खोलीत ते घडतं तेव्हा वकील एकेक वाक्य माणसाच्या तोंडावर फेकत असतो, तू खोटं बोलतोयस, तू तिथं नव्हतास, तुला पैसे मिळालेत, आणि माणूस प्रत्येकाला ‘खरं नाही’ म्हणत असतो, पहिल्यांदा चिडून, मग थकून, शेवटी जवळजवळ स्वतःशीच. कागदावर तिन्ही ‘खरं नाही’ एकसारखे उमटतात. नटाचं काम म्हणजे ते तीन वेगळे करून दाखवणं. चांगल्या नटाचे तिन्ही वेगळे ऐकू येतात, बेकार नटाचे तिन्ही सारखेच मोठ्यानं येतात.

आता सिनेमा कुठला लावायचा. माझं ऐकाल तर सुरुवात ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’नं करा, १९५७ चा, सिडनी ल्युमेटचा, काळा-पांढरा आहे म्हणून नाकं मुरडू नका. इंग्रजी झेपत नसेल तर त्याच गोष्टीवर बासू चटर्जींनी हिंदीत ‘एक रुका हुआ फैसला’ केलाय, १९८६ चा, पंकज कपूर, के. के. रैना, अन्नू कपूर अशी जबरदस्त मंडळी आहेत आणि अन्नू कपूर तेव्हा तरुण असून त्यात म्हातारा झालाय, चालण्या-बोलण्यात कुठं शंका येत नाही. गोष्ट एवढीच की एका पोरावर बापाच्या खुनाचा आरोप आहे, बारा ज्युरी, म्हणजे दोषी का निर्दोष ते ठरवायला बोलावलेली साधी माणसं, एका बंद खोलीत बसलेत, अकरा म्हणतात दोषी आणि एकजण म्हणतो थांबा जरा बोलूया. ज्युरी आपल्याकडं आता नाही, १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला जागाच उरली नाही, म्हणजे हिंदी सिनेमा आला तेव्हा असा खटला भारतात चालतच नव्हता. त्यानं काही बिघडत नाही, बसून बघा.

यात काय बघायचं ते सांगतो, आणि इथं थोडं गुपित फुटणार आहे, ज्यांना आधी सिनेमाच बघायचाय त्यांनी हा पॅरा सोडून पुढं जा. इंग्रजी सिनेमात चौथा ज्युरी आहे, चष्मेवाला, एकदम थंड डोक्याचा, उकाड्यानं सगळे निथळत असताना हा कोट घालून बसलेला, मला घाम येत नाही म्हणणारा. ई. जी. मार्शल नावाच्या नटानं केलाय. शेवटाकडं तो चष्मा काढतो आणि नाकाच्या वर, चष्मा टेकतो तिथं, दोन बोटांनी चोळतो. आपण रोज करतो तसंच. समोर बसलेला म्हातारा ज्युरी ते बघतो आणि विचारतो की बाबा, नाक का चोळतोयस. आणि मग आठवतं की साक्षीदार बाईच्या नाकावरही तसेच खड्डे होते, म्हणजे ती चष्मा वापरते, मग रात्री झोपताना चष्मा घालून थोडीच झोपली असेल, तर तिनं खून पाहिला कसा? बघा, एका नटाची साधी सवय आणि खटल्याचा पुरावा एकच होऊन गेला. कुणी ओरडलं नाही, संगीत वाजलं नाही. दुसऱ्यांदा बघताना चष्म्याकडं सुरुवातीपासून लक्ष ठेवा, मजा दुप्पट होते. आणि कॅमेऱ्याकडंही बघा, ल्युमेटनं सुरुवातीला कॅमेरा डोळ्यांच्या वर ठेवलाय, मधल्या भागात डोळ्यांच्या पातळीवर आणला आणि शेवटी खाली नेलाय, त्यामुळं शेवटी छत दिसायला लागतं आणि तीच खोली आपल्या डोक्यावर आल्यासारखी वाटते. आपल्याला कारण कळत नाही, नुसतं गुदमरतं.

बघायच्या आधीची तयारी क्षुल्लक वाटेल पण महत्त्वाची आहे. उन्हाळ्यात आपल्याकडं कूलर लावल्याशिवाय बसवत नाही आणि कूलरच्या घरघरीत कोर्टाचा सिनेमा बघणं म्हणजे वाया घालवणं, कारण यातलं अर्धं काम हळू आवाजात असतं. एकतर रात्री उशिरा गच्चीवर लॅपटॉप घेऊन बसा, नाहीतर इअरफोन लावा, नाहीतर कूलर दुसऱ्या खोलीकडं तोंड करून ठेवा. हिंदी असला तरी सबटायटल चालू ठेवा, कायद्याचे शब्द भराभर येतात. आणि लाईट जायची वेळ असेल तर त्याआधी अर्धा तास सुरू करू नका, उलटतपासणीच्या मध्यात लाईट गेली की तो ताण परत जमून येत नाही, मागं घेऊन बघितलं तरी नाही.

आता मुख्य मुद्दा, नजर कुठं ठेवायची. पहिल्यांदा बघताना सरळ गोष्टीत वाहून जा, काही अभ्यास-बिभ्यास करू नका. दुसऱ्यांदा बघताना एका वेळी एकच माणूस धरा. सगळ्यात आधी जज धरा. जजचं काम नटासाठी सगळ्यात अवघड कारण त्याला बहुतेक वेळ फक्त ऐकायचंय, आणि कंटाळा दाखवायचाय पण कंटाळवाणं व्हायचं नाही. ‘जॉली एलएलबी’ मधे सौरभ शुक्लांनी जज त्रिपाठी केलाय, २०१३ चा सिनेमा, त्यासाठी त्यांना सहाय्यक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. सुरुवातीला वाटतं की हा विनोदी माणूस आहे, मोठ्या वकिलापुढं जरा वाकणारा, खाण्यापिण्यात रमणारा, पण त्याचे डोळे बघत राहा, तो सगळं ऐकतोय, सगळं साठवतोय, आणि शेवटी जेव्हा तो बोलतो तेव्हा ते अचानक आल्यासारखं वाटत नाही कारण बिचाऱ्याचं ऐकणं आपण पूर्ण सिनेमाभर पाहिलेलं असतं. दुसरं उदाहरण उलटं आहे. ‘अ‍ॅनाटॉमी ऑफ अ मर्डर’ या १९५९ च्या सिनेमात जज झालेला माणूस नट नव्हताच, जोसेफ वेल्च नावाचा खराखुरा वकील होता, अमेरिकेचं सैन्य आणि सिनेटर मॅकार्थी यांच्या वादाच्या १९५४ च्या सुनावणीत सगळ्या अमेरिकेनं टीव्हीवर पाहिलेला. तो सिनेमात काही विशेष करताना दिसतच नाही, आणि तेच विशेष आहे, आयुष्यभर कोर्टात बसलेल्या माणसाला बसायचं कसं हे शिकवावं लागत नाही.

जज झाला की हरणारा वकील धरा. जिंकणारा वकील तर सगळेच बघतात. प्रश्न समोरचा विचारतोय आणि याचा साक्षीदार फुटायलाय, अशा वेळी चांगला नट काय करतो? काहीच करत नाही. कारण खऱ्या वकिलाला ते तोंडावर दाखवायची मुभा नसते, जजनं बघितलं तर संपलं. म्हणून तो कागद चाळतो, ज्युनिअरच्या कानात काहीतरी बोलतो, पाण्याची बाटली उघडतो आणि पीत नाही. बेकार सिनेमात हाच वकील कपाळावरचा घाम पुसतो, डोळे मोठे करतो आणि वर ‘ऑब्जेक्शन’ म्हणून ओरडतो. फरक कळायला लागला की तुम्हाला आपोआप निवड करता येते.

मग हात. चेहऱ्याला खोटं बोलायची सवय असते, हाताला ती कमी. ‘विटनेस फॉर द प्रॉसिक्युशन’ हा बिली वाइल्डरचा, १९५७ चाच. त्यात चार्ल्स लॉटन हृदयविकारातून उठलेला म्हातारा बॅरिस्टर आहे, नर्स मागं लागलेली, सिगार बंद, ब्रँडी बंद, आणि ती नर्स झालेली एल्सा लँचेस्टर खऱ्या आयुष्यात त्याची बायको होती, त्यामुळं त्यांचं भांडण इतकं घरचं वाटतं की विचारू नका. कोर्टात हा माणूस टेबलावर औषधाच्या गोळ्या ओळीनं मांडून बसतो. समोर साक्ष चालू आहे आणि हा गोळ्या सरकवतोय. बघणाऱ्याला वाटतं म्हातारा ऐकत नाहीये, आणि नेमका त्याच वेळी तो सगळ्यात जास्त ऐकत असतो. त्याच्याकडं एका डोळ्याला लावायचं चष्म्याचं भिंग आहे, त्याच्यावरून खिडकीतला उजेड तो समोरच्याच्या डोळ्यात पाडतो आणि बघतो की माणूस कसा वागतो, खोटं बोलणारा कसा चुळबुळतो. ही त्याची परीक्षा. शेवट सांगणार नाही, सिनेमावाल्यांनीच शेवटच्या पाट्या पडताना विनंती केलीय की शेवट कुणाला सांगू नका, आणि सत्तरीला टेकलेल्या सिनेमाचा सुद्धा हा मान राखायला पाहिजे. एवढंच सांगतो, बघून झाल्यावर लगेच परत लावा आणि त्या भिंगाच्या उजेडात कोण कसा बसला होता ते बघा.

हात बघायची सवय लागावी म्हणून एक सोपी ट्रिक आहे. आवडता उलटतपासणीचा सीन काढा आणि दोन मिनिटं आवाज पूर्ण बंद करून बघा, सबटायटल पण बंद. कोण जिंकायलाय ते कळतंय का? चांगला अभिनय असेल तर कळतं. नसेल तर नुसती तोंडं हलताना दिसतात. मग उलटं करा, स्क्रीन उपडी ठेवा आणि फक्त आवाज ऐका, श्वास कुठं अडकतो, उत्तर द्यायच्या आधी किती थांबला, वकील स्वतःच्याच प्रश्नात कुठं अडखळला. आमच्याकडं राज्य नाट्य स्पर्धेत उतरणारी पोरं तालमीत असंच डोळे मिटून ऐकतात, त्यांना विचारून बघा. तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे १९६७ चं नाटक अजूनही गावोगावच्या संस्था बसवतात आणि त्यातल्या खोट्या खटल्यात आरोपी झालेली बेणारे हळूहळू गप्प होत जाते ते नटीला जमलं तरच नाटक उभं राहतं. थट्टेचा खटला असतो, सगळे हसत असतात, आणि एका क्षणानंतर ती हसत नाही. तो क्षण कुठला हे प्रत्येक नटी वेगळं ठरवते.

आता खोटं किती चालवून घ्यायचं यावर बोलू कारण बघताना शेजारी एखादा तरी ‘असं कोर्टात नसतंय’ म्हणणारा बसलेला असतो. बरोबर आहे त्याचं. आपल्या कोर्टात जज लाकडी हातोडा आपटून ‘ऑर्डर ऑर्डर’ करत नाहीत. गीतेवर हात ठेवून शपथ देत नाहीत, १९६९ च्या शपथ कायद्याप्रमाणं देवाच्या नावानं शपथ घ्यायची नाहीतर प्रतिज्ञा करायची, एवढंच. वकील पिंजऱ्याजवळ जाऊन साक्षीदाराच्या तोंडाला तोंड लावून ओरडत नाही, आणि आरोपी पोलिसांपुढं ‘होय मीच केलं’ म्हणला म्हणून केस संपत नाही, पोलिसांसमोरचा कबुलीजबाब पुरावा म्हणून वापरता येत नाही. हे सगळं खोटं मी माफ करतो, आनंदानं करतो. पण एका गोष्टीवर लोक उगाच हसतात, शेवटच्या दिवशी अचानक साक्षीदार हजर होतो ती. हे अगदीच हवेतलं नाही. निकाल व्हायच्या आधी कधीही, न्यायासाठी गरजेचं वाटलं तर कोर्ट कुणालाही साक्षीला बोलवू शकतं किंवा आधीच्या साक्षीदाराला परत बोलवू शकतं, जुन्या संहितेत ते कलम ३११ होतं, आता नवीन नागरिक सुरक्षा संहितेत ३४८ आहे. दार धाडकन उघडून माणूस धावत येतो हे खोटं, पण येतो हे खोटं नाही. आणि हो, १ जुलै २०२४ पासून कलमांचे नंबर बदललेत, खुनाला आता ३०२ नाही तर न्यायसंहितेचं १०३, पण सिनेमावाले अजून काही वर्षं ३०२ च म्हणणार कारण लोकांच्या कानाला तेच बसलंय.

मी माफ करत नाही ती गोष्ट वेगळीच आहे. आरोपी. बऱ्याच सिनेमात आरोपी म्हणजे कोपऱ्यात ठेवलेलं सामान, निकाल लागला की रडायचं एवढंच त्याचं काम. अरे ज्याचा जीव टांगणीला लागलाय तो माणूस सगळा खटला ऐकत असतो, त्यातलं निम्मं त्याला कळत नसतं, आणि त्याच्याविषयी बोलताना कुणी त्याच्याकडं बघत पण नसतं. हे दाखवलं नाही तर वकिलानं कितीही गडगडाट केला तरी मला तो सिनेमा अर्धा वाटतो.

इथं चैतन्य ताम्हाणेचा ‘कोर्ट’ आठवतो. २०१४ चा, त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. थ्रिलर म्हणून लावाल तर पहिल्या वीस मिनिटांत उठून जाल, म्हणून तो सगळ्यात शेवटी बघा, बाकीच्यांची चव घेऊन झाल्यावर. म्हातारा लोकशाहीर, त्याच्या गाण्यामुळं गटारात उतरणाऱ्या कामगारानं आत्महत्या केली असा आरोप. वीरा साथीदारांनी तो शाहीर केलाय, आणि पोलीस काही विचारतात, सरकारी वकीलबाई काही वाचून दाखवतात, हा माणूस तेवढ्यास तेवढं उत्तर देतो आणि परत गप्प. गीतांजली कुलकर्णींनी सरकारी वकील केलीय, कलमं अशी वाचते की जणू किराणाची यादी वाचतेय, आणि त्यानंच अंगावर काटा येतो, कारण तिला त्या म्हाताऱ्याचा राग-बिग काही नाही, तिला फक्त काम उरकून घरी जाऊन स्वयंपाक करायचाय. जजसाहेब साक्ष ऐकून टायपिस्टला सांगतात, माणसाचं बोलणं त्यांच्या तोंडून वेगळंच होऊन कागदावर जातं. जिल्हा कोर्टात मागच्या बाकावर बसून आलेला माणूस हा सिनेमा बघताना मधेच हसतो, जिथं बाकीचे हसत नाहीत तिथं.

एकट्यानं बघायला हे सिनेमे चांगलेच, पण चार जणांत बघायची मजा काही और, फक्त कोण चार ते जपून ठरवा. एक तरी असा हवा ज्याचा कोर्टाशी खरा संबंध आलाय, तारखा केलेला काका असेल तर उत्तम, पण त्याला आधीच सांगून ठेवा की मधे स्वतःच्या केसची गोष्ट काढायची नाही, चहाच्या वेळेला काढायची. एखादी आत्या किंवा आजी असेल तर तिला बसवाच, आपल्या घरातल्या बायकांना माणूस खोटं बोलतोय हे आपल्या आधी कळतं आणि त्या सिनेमात पण बरोबर पकडतात, फक्त कशावरून ते विचारा, ‘त्यो बोलायच्या आधी बायकोकडं बघतुया’ असं काहीतरी उत्तर मिळतं आणि ते शंभर टक्के अभिनयाचं निरीक्षण असतं. शेवट माहीत असलेल्याला मात्र एकदम कडेला बसवा, त्याचं तोंड सगळ्यांना दिसलं की गुपित फुटलंच समजा.

आणि निकालाच्या आधी सिनेमा थांबवा. वकिलांची शेवटची भाषणं झाली, जज वाचायला कागद उचलतोय, तिथं पॉज. प्रत्येकाला चिठ्ठी द्या, दोषी की निर्दोष, आणि खाली एकच ओळ, कुठल्या क्षणावरून ठरवलं. नाव लिहायचं नाही. पुरावा लिहायचा नाही, क्षण लिहायचा, तो खाली बघितला तेव्हा, ती पाणी प्यायली तेव्हा, असं. चिठ्ठ्या एका वाटीत टाका, काकांना मोठ्यानं वाचायला सांगा, वाद काय व्हायचा तो होऊ द्या, कारण दोन जणांनी एकच क्षण लिहून एकानं दोषी आणि दुसऱ्यानं निर्दोष ठरवलेलं हमखास निघतं. चहा संपला की प्ले दाबा.